तीन फूट

वाळपईत डिसेंबरला थंडी पडते
हे पणजीतल्या माणसाला सांगून पटत नाही.
म्हादईवरून धुकं उठतं ते सरळ
इनासिनाच्या न्हाणीतून घरात शिरतं,
आणि कैतानचा उजवा पाय, वारं गेलेला,
पहाटे चारला लाकडासारखा होतो.

म्हणून स्विंडनहून हीटर आला.
रोमाल्दने पाठवला, जुन्या स्वेटरांत गुंडाळून.
दोन सळ्या, मागे चकचकीत पत्रा,
आणि चौकोनी पायांचा प्लग,
जो आपल्या कुठल्याच भोकात जात नाही.

इनासिना अडून बसणारी बाई नव्हे.
बांगड्याचं डोकं उडवावं
तसा तिने तो प्लग आदोळीवर उडवला,
तारा दातांनी सोलल्या,
सॉकेटमध्ये खुपसल्या,
आणि निसटू नयेत म्हणून
दोन आगकाड्या ठोकल्या.

मला बोलावलं ते नखेत्र पेटत नाही म्हणून.
"पुरसो, नाताळ तोंडावर आला, बघ रे जरा."
मी दारातच थांबलो.
चुलीवर हुमण होतं, पायाला चोळलेलं तेल होतं,
आणि या सगळ्याच्या खाली
आणखी एक मासळी होती, चुलीवर नसलेली.
तापलेलं प्लास्टिक मासळीसारखं वासतं.
आमच्या गोव्यात
मासळीच्या वासाला कोण हटकणार?

खाटेखाली एक्स्टेंशन. त्याच्यावर नखेत्र, फोन,
डास मारायची बॅट, आणि हा पाहुणा.
वायर गादीखालून गेलेली, हात लावला तर
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या जागेसारखी ऊबदार.
मच्छरदाणीची कड तांबूस,
पोळ्याची कड होते तशी.

मी आधी मेन पाडला. मग बोललो.
"ही हिरवी-पिवळी तार?"
"ती जास्तीची होती. ठेवली बाजूला."
"जास्तीची नव्हे, बाय.
त्या दोघी ये-जा करतात, ही नुसती थांबते.
सगळा जन्म काही करत नाही.
पण पत्र्यात करंट उतरला
की तुझ्याऐवजी ही पुढे होते."

खाटेवरून कैतान म्हणाला,
वाकड्या तोंडाने, पण स्पष्ट:
"नवरा."

ती हसली नाही. तिला हिशेब हवा होता.
दोन हजार वॅट, सांगितलं, तासाला दोन युनिट.
रात्रभर चालला तर तुझा फ्रिज
पंधरा दिवसांत जेवतो तेवढं हा एका रात्रीत.
आणि पाच अँपिअरच्या भोकातून
नऊ अँपिअर ओढतोय,
अरुंद साकवावरून लग्नाचं वऱ्हाड न्यावं तसा.
"आणि पाय?" तिने विचारलं.
त्याला माझ्याकडे युनिट नव्हतं.

दुपारभर बसलो. मीटरपासून वेगळी जाड वायर,
पंधरा अँपिअरचं सॉकेट, आपल्या पायांचा प्लग,
तिसऱ्या तारेला तिची जागा.
झोपण्याआधी तासभर शेक, मग बंद,
बंद म्हणजे स्विच बंद, नुसता डोळा बंद नव्हे.
वर चड्ड्या वाळत घालायच्या नाहीत.
आणि तीन फूट लांब. सगळ्यापासून.
"तीन फूट म्हणजे किती?"
मी टेप काढेपर्यंत
तिने कैतानची काठी जमिनीवर आडवी टाकली,
टोकाशी खडूने रेघ मारली.
"एवढं?"
मी मोजलं. दोन बोटं जास्तच होतं.

नखेत्राचं काहीच नव्हतं, बल्ब उडाला होता.
तो बदलला. त्याचे पैसे घेतले, बाकीचे नाही,
किंवा घेतले, पण कमी, आता आठवत नाही.

त्या दोन आगकाड्या मात्र खिशात राहिल्या.
टोकाचं गूळ थोडं काळवंडलेलं, पण शाबूत.
रात्री आमच्याकडे लाईट गेली.
मेणबत्ती सापडली, काड्यापेटी दमट.
खिशातली एक काडी
पेटीच्या कडेला घासली.

पहिल्याच झटक्यात पेटली.